पॉलिहाऊसच्या आधीचे चाळीस ट्रे

प्रश्न कळंब तालुक्यातल्या एका तरुण भावाचा आहे. घरची ३ एकर जमीन, एक बोअर, आईवडील आणि दोघे भाऊ. बँकेचं कर्ज आणि अनुदान धरून १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं करायचं त्याच्या मनात आहे. त्यात ढोबळी मिरची घ्यावी की जरबेराची फुलं, आणि आमच्या घरच्यांनी सुरुवात नेमकी कशी केली, असं त्याने विचारलंय.

भाऊ, ढोबळीचं आणि जरबेराचं पुढे लिहितेच. पण आधी सुरुवातीचं सविस्तर सांगते. आज आमच्याकडे पॉलिहाऊस, शेडनेट, शेततळं सगळं बघून लोक म्हणतात, तुमचं बरंय, भांडवल होतं. भांडवल नव्हतं. होती ती आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, रोपं विकायची सवय.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. १९९३ च्या भूकंपात मामंजींचं घर गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घर नवीन बांधलेलं होतं, पण शेतातल्या आखाड्यावर अजून तात्पुरत्या शेडचे पत्रे आणि लोखंडी अँगल पडून होते. आत्याबाई विहिरीजवळ दोन गादीवाफे करून वांगी, मिरची आणि कांद्याचं रोप टाकायच्या. बाजाराच्या दिवशी पहाटे रोप उपटायचं, मुठीएवढ्या जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि एसटीने औशाला न्यायच्या. दुपारपर्यंत जुड्या माना टाकायच्या, मग उरलेल्या निम्म्या किमतीत द्यायच्या. आमचा धंदा खरा तिथून सुरू झाला. औशाच्या बाजारात त्यांना नावाने ओळखणारी पन्नास-साठ घरं होती. पुढे ट्रे आले, कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा आला, नेट आलं, पण पहिली गिऱ्हाईकं त्याच घरांतली.

२००७ साली माझ्या दिराने जालन्याकडे बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्या नातेवाईकाकडे प्लास्टिकच्या ट्रेमधली रोपं पाहिली. जालन्याला बियाण्याचा धंदा जुना, महिको ही बियाण्याची कंपनी तिथे १९६४ पासूनची. त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याला महागड्या बियाचा एक दाणाही वाया न घालवायची सवय लागलेली. दीर येताना ९८ कप्प्यांचे ४० ट्रे आणि कोकोपीटच्या चार विटा घेऊन आला. घरात वाद झाला. मामंजींचं म्हणणं, मातीत रोप फुकट येतं, नारळाच्या भुशाला पैसे कशाला? त्यांचं चूक नव्हतं. तोवर आमच्या भागात रोपाला पैसे द्यायची पद्धतच फारशी नव्हती, जो तो आपलं रोप आपण टाकायचा.

आखाड्यावरचे ते जुने अँगल चार कोपऱ्यांना रोवले, मधे बांबू, वर घरातल्या आणि शेजारच्या बायकांच्या जुन्या साड्या दुहेरी करून ताणल्या. सुती साडीने ऊन बरं अडतं, पण पाऊस आला की ती पोटासारखी फुगते आणि एकाच जागी धार धरते. नायलॉनची साडी उन्हाने दोन महिन्यांत फाटते. हे सगळं आम्ही करूनच शिकलो.

पहिला लॉट मिरचीचा. मिरचीचं बी टाकलेले ट्रे एकावर एक दहा-दहा रचतात आणि प्लास्टिकच्या कागदाने गच्च झाकतात, म्हणजे आत ऊब आणि ओल धरून बी फुटतं. आम्हाला सहा-सात दिवस सांगितले होते. त्यात माझ्या माहेरी लग्न निघालं आणि आम्ही सगळेच गेलो. मे महिना होता, उकाड्याने बी लवकर फुटलं, आणि आम्ही आठव्या दिवशी परतलो. कागद काढला तर आतून दमट, आंबूस वास आला. मी वरचा ट्रे उचलला तेव्हा बारीक तटतट आवाज झाला. खालच्या ट्रेतली रोपं उंच वाढून वरच्या ट्रेच्या बुडाला चिकटली होती, आणि ट्रे उचलताच त्यांचे शेंडे तुटत होते. शेवयांसारखी पांढरी, लांब, आडवी पडलेली रोपं. आत्याबाईंनी एक रोप बोटावर घेतलं, बघितलं आणि काही न बोलता घरात गेल्या. चाळीसपैकी पाचच ट्रे वाचले.

तेव्हापासून आमच्याकडे चौथ्या दिवसापासून रोज सकाळी थप्पीच्या मधला एक ट्रे काढतो आणि काडेपेटीच्या काडीने दोन कप्पे उकरून बघतो. बियाला पांढरं टोक दिसलं की त्याच दिवशी थप्पी मोडायची, मग घरात लग्न असो की दुखवटा. टोमॅटो मिरचीच्या आधी फुटतो, टरबूज तर त्याहूनही लवकर. डिसेंबरात उलटं होतं, रात्री थंड पडल्या की मिरची दहा-दहा दिवस हलत नाही. पहिली तीन वर्षं आम्ही थंडीतल्या थप्प्या स्वयंपाकघरात चुलीच्या भिंतीला लावून ठेवायचो. आत्याबाई एका हाताने भाकरी थापायच्या आणि दुसऱ्या हाताच्या पालथ्या बाजूने प्लास्टिकला ऊब लागते का ते बघायच्या.

दुसरा लॉट साधला. साधारण ३,४०० रोपं विकली, ५० पैशांना एक, म्हणजे १,७०० रुपये. खर्च वजा जाता हातात फार काही आलं नाही. पण विकायची रीत त्या लॉटने शिकवली. आत्याबाईंनी ओळखीच्या आठ घरांना एकेका ओळीची रोपं फुकट दिली आणि सांगितलं, तुमच्या वाफ्यातल्या रोपाच्या शेजारची एक ओळ ह्या रोपांची लावा. वाफ्यातलं रोप उपटताना मुळ्या तुटतात, लावल्यावर ते चार-सहा दिवस मान टाकून असतं, काही मरतंच. ट्रेमधलं रोप मुळ्यांच्या गड्ड्यासकट निघतं, त्याला लावल्याचं कळतही नाही. दोन आठवड्यांनी शेतकरी स्वतःच दोन्ही ओळी बघत उभा राहायचा. आठातली सहा घरं पुढच्या हंगामात ऑर्डर घेऊन आली, सोबत आपली बियांची पाकिटं घेऊन. बी त्यांचं, मेहनत आणि ट्रे आमचे. बियात आमचा पैसा अडकला नाही म्हणूनच आम्ही तगलो.

आता हे मी इतकं लांबवून का सांगतेय? कारण तुमच्या प्रश्नात लोखंड आधी आहे आणि गिऱ्हाईक नंतर. मराठवाड्यात हा क्रम उलटा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पुढे जे झालं ते वाचा, मग पटेल.

२०११ साली आम्ही ५ गुंठ्यांचं पहिलं खरं शेडनेट उभं केलं. ठेकेदाराने सांगितलेल्या जाडीचा पाईप लावलाच नाही, आणि आम्हाला ते कळलं नाही, कारण आम्ही मोजलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली ते तुम्हालाही आठवत असेल, द्राक्षबागा आणि उभी ज्वारी झोपली होती. आमच्या नेटवर गारा साचल्या. नेट मधोमध लोंबायला लागलं, आत पांढरा ढीग दिसत होता. हे आणि दीर खालून बांबूने ढोसून गारा बाजूला सरकवत होते, मी आणि जाऊबाई ट्रे ओढून काढत होतो. तेवढ्यात मधला पाईप वाकला आणि सगळं छत त्या बाजूला बसलं. कोणाला लागलं नाही, हे नशीब. निम्मी रोपं गारांच्या पाण्याखाली गेली.

म्हणून पाईप गाडीतून उतरवतानाच जाडी मोजायच्या कॅलिपरने २ मिलिमीटर जाडी बघायची, आणि काट्यावर वजन घ्यायचं. करारात पाईपचा व्यास, जाडी, पायाच्या खड्ड्याची खोली आणि काँक्रीट लिहून घ्यायचं. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचा वारा एका तासात काय करतो ते वेगळं सांगायला नको. पश्चिमेच्या अंगाला शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ दोन वर्षं आधीच लावून ठेवा, झाडांना काही कर्ज काढावं लागत नाही. पण एवढी जवळही लावू नका की सावली रोपांवर पडेल.

मग २०१५ आणि २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. ज्या जिल्ह्यात माणसांना रेल्वेचं पाणी, तिथे भाजीची लागण कोण करणार? आमची ऑर्डरवही त्या उन्हाळ्यात कोरी होती. मी ती वही जपून ठेवलीय, फेब्रुवारी ते मेपर्यंत चार पानांवर फक्त तारखा आहेत. ह्यांनी आठ महिने दुसऱ्याचा टेम्पो चालवला. घरात आम्ही बायकांनी पिशव्यांमध्ये शेवग्याची रोपं केली, भांडी धुतलेलं आणि आंघोळीचं पाणी निवळून घालत होतो. शेवगा पाण्याचा ताण सोसतो म्हणून तोच निवडला. जूनमध्ये पाऊस पडला, त्या वर्षी तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पूरही आले. पहिल्या पावसाबरोबर शेतकरी रोप शोधत फिरायला लागला आणि तालुक्यात रोप तयार असलेली मोजकीच ठिकाणं होती. त्यातलं एक आमचं.

विचार करा, २०१४ साली आम्ही १० लाखांचं कर्ज काढून पॉलिहाऊस बांधलं असतं तर ती कोरी चार पानं आम्हाला हप्त्यांसकट काढावी लागली असती. ट्रे धुऊन माळ्यावर ठेवता येतात. पॉलिहाऊसचा हप्ता तसा ठेवता येत नाही.

पॉलिहाऊस आम्ही २०१९ ला बांधलं, म्हणजे सुरुवातीपासून बारा वर्षांनी. तुम्हाला बारा लागायची गरज नाही, आता माहिती पुष्कळ मिळते. दीर तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन हरितगृहाचं शिकून आला होता, तसं तुमच्या घरातल्या एकाने जाऊन यावं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या लोकांनाही विचारावं, आपल्या भागातलं ऊन आणि पाणी त्यांना माहीत आहे.

पाण्याचं नीट सांगते, कारण माझ्या डोळ्यांदेखत अनेक पोरांची पॉलिहाऊसं तिथेच बसली. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. उन्हाळ्यात बोअर खाली गेलं की आणखी जड होतं. कोकोपीटवर पांढरा थर येतो, रोपाच्या पानांच्या कडा करपतात, आणि माणूस रोग समजून औषधं मारत बसतो. पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, तपासणीत १ च्या आत असेल तर ठीक, वर गेला तर रोपवाटिकेला ते एकटं वापरू नये. कोकोपीटमध्येही मीठ असतं. ५ किलोची वीट भिजवून, निथळून दोन-तीन पाण्यांनी धुवा, एकदा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा, मगच भरा. एका विटेत साधारण २० ते २५ ट्रे भरतात.

आमचा खरा फायदा झाला तो पॉलिहाऊसच्या छताने. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. आपल्याकडे चांगल्या वर्षी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे छतावर ७ लाख लिटर. गळती, वाऱ्याने उडालेलं, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं घाण पाणी वजा करा, ५ लाख तरी पन्हाळीतून शेततळ्यात येतंच. आमच्या रोपवाटिकेला उन्हाळ्यात रोज सुमारे अडीच हजार लिटर लागतं. हिशोब तुम्हीच करा, २०० दिवसांचं पाणी, तेही गोडं. शेततळ्यावर जुनं शेडनेट ताणून ठेवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये ऊनच अर्धं पाणी पिऊन टाकतं. भाऊ, हे छत पिकापेक्षा पाण्यासाठी जास्त कामाचं आहे, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती नाही.

शेडनेटचं एक. ५० टक्के सावलीचं नेट एप्रिलला वरदान, पण जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तेच नेट रोपाला लांबुळकं करतं. वरचं नेट सरकवता येईल असं करा. नेटमधून पाऊस थेट आत येतो आणि कप्प्यातलं बी उडवतो, म्हणून आत बांबूच्या कमानी करून प्लास्टिकचे बोगदे हवेतच. बाजूंनी ४० मेशची कीटकजाळी लावा आणि दाराला दोन पडदे. पांढरी माशी आणि फुलकिडे रोपातच बसले तर शेतकऱ्याच्या शेतात बोकड्या आणि चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, निघतो, आणि तो येऊन तुमच्या ओट्यावर बसतो. त्याचं बरोबरच असतं.

आता ढोबळी आणि जरबेरा. १० गुंठ्यांत ढोबळीची अडीच ते तीन हजार झाडं बसतात. आपल्याकडे मार्चपासून आतलं तापमान सांभाळणं अवघड, फूल गळतं, लाल कोळी आणि फुलकिडे सुटतात. लागण जुलै-ऑगस्टला करून मार्चपर्यंत पीक काढून घेणाऱ्यालाच ते जमतं. जरबेरा एकदा लावला की अडीच-तीन वर्षं चालतो, पण फूल रोज निघतं, आणि त्याला रोज गाडी लागते. हैदराबाद किंवा पुण्याच्या व्यापाऱ्याशी बांधलेला संबंध नसेल तर लग्नसराई संपल्यावर फुलं बांधावर टाकावी लागतात. तुमच्या आसपासच्या पाच-सहा गावांत कोणी रोज फुलं पाठवत असेल तर त्याच्या गाडीत तुमच्या पेट्या जातील, तेव्हा विचार करा. एकट्याने नको. पहिल्या दोन वर्षांत माझं उत्तर दोन्हीला नाही असंच आहे.

अनुदानाबद्दल थोडं. पूर्वसंमती हातात येण्याआधी एकही खड्डा खोदू नका, नंतर केलेला अर्ज चालत नाही. आणि पैसे आधी तुमचे जातात, तपासणी झाल्यावर अनुदान खात्यात येतं, मधले महिने व्याज तुमच्या डोक्यावर. रोपवाटिकेसाठी २०२० पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे, त्यात कृषी पदवीधर महिलांना, महिला गटांना आणि अल्पभूधारकांना प्राधान्य आहे. तालुका कृषी कार्यालयात जाऊन यंदाची स्थिती विचारा. घरातल्या बाईच्या नावावर अर्ज करण्यात कमीपणा मानू नका. आमची सगळी कागदपत्रं जाऊबाईंच्या नावावर आहेत.

घरचा धंदा घरच्यांनीच बुडतो तो हिशोबामुळे. आमच्याकडे पहिली चार वर्षं नफा दिसायचा आणि पैसा सापडायचा नाही. मग मी वहीत पाचही माणसांची रोजची मजुरी लिहायला लागले, दिली नाही तरी लिहायची. तेव्हा कळलं की मिरचीचं एक रोप आपल्याला केवढ्याला पडतं आणि कोबीचं आपण तोट्यात विकतोय. त्या वहीवरून दोन भावांत एकदा कडाक्याचं भांडण झालं, पण नंतर कधी झालं नाही. पेरणी आत्याबाईंची, पाणी-फवारणी दिराची, गाडी ह्यांची, पॅकिंग आणि बाया जाऊबाईंकडे, वही माझ्याकडे. एकाने दुसऱ्याच्या कामात मधे पडून गिऱ्हाईकाला शब्द द्यायचा नाही, हा नियम मामंजींनी घातला होता, आणि तो त्यांच्यामागेही चालू आहे.

उधारीवर रोप देऊ नका. ऑर्डर घेताना निम्मे पैसे घ्या, आणि बी शेतकऱ्याचं असेल तर पाकीट, लॉट नंबर आणि पावतीची नक्कल जपून ठेवा. उगवण कमी झाली तर त्याच्यासमोर कप्पे मोजता आले पाहिजेत. वय झालेलं रोप स्वस्तात देऊन टाकायचा मोह होतो. मिरचीचं रोप ४०-४५ दिवसांवर, टोमॅटोचं महिन्यावर, टरबुजाचं १५ दिवसांवर गेलं की आमच्याकडे ते उकिरड्यावर जातं. गेल्या वर्षी टरबुजाचे ७० ट्रे टाकले, हातपाय कापत होते टाकताना, पण टाकले.

तर तुमचं यंदाचं काम मला असं दिसतं. बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून तपासायला द्या. चाळीस ट्रे घ्या, त्याहून जास्त नको. आईच्या किंवा वडिलांच्या ओळखीची वीस घरं लिहून काढा आणि मृगाला मिरची कोण लावणार ते विचारा. मिरचीला ४० दिवस धरले तर ७ जूनला रोप देण्यासाठी बी २८ एप्रिलच्या आसपास पडायला हवं, म्हणजे कोकोपीट धुऊन २५ तारखेपर्यंत तयार. आणि त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून लग्नाला जाऊ नका. थप्पी उघडायला घरात एकजण राहिलाच पाहिजे.